शोल्डर चेक
दुखऱ्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास आला की मला कॅनडातल्या सस्काटूनमधली ती जुनी गाडी आठवते. त्या हिवाळ्यात मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास झालो होतो आणि लायसन्स नसेल, तर शहराबाहेरच्या खाणीतली नवी नोकरी हातची जाणार होती. लेन बदलताना खांद्यावरून मागे बघायचं, म्हणजे शोल्डर चेक, माझ्याकडून दर वेळी राहायचं. शिकवणारा रोमानियाचा निवृत्त फुटबॉलपटू होता; मायदेशात वर्षानुवर्षं मधल्या फळीत खेळून शेवटी इथल्या एका क्लबात आलेला. तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी सरावात मी पुन्हा नुसत्या आरशात पाहून वळू लागलो. त्याने झटकन स्टिअरिंग धरलं. शेजारून एक ट्रक भर्रकन निघून गेला. "मान भाड्याने आणली आहेस का? वळव की!" तो ओरडला. "आरशात कुणीच नव्हतं," मी म्हणालो. मलम लावलेला गुडघा चोळत तो म्हणाला, "चेंडू घेण्याआधी मी नेहमी मागे बघायचो. एकदा नाही बघितलं. मलाही वाटलं, कुणीच नाही." मागून गुडघ्यावर आलेल्या त्या टॅकलनंतर तो पुन्हा खेळला नाही. दुपारी मी पास झालो. आताच्या गाडीत शेजारच्या लेनमध्ये वाहन असलं की आरशातच दिवा लागतो. "बाबा, रिलॅक्स, लाइट लागलेला नाही," मुलगी म्हणते. तोवर माझी मान मागे वळलेली असते.