म्हशीचं विचारायचं राहिलं

पन्नास सालाच्या आसपास मी कोल्हापुरात घरामागं दोन खोल्या बांधल्या आणि शाळामास्तराचा घरमालक झालो. भाडेकरू नीट पारखून घ्यावा, असं ऐकून होतो. म्हणून राधानगरीकडून आलेल्या पहिल्याच पावण्याची मी वर्गात घेतो तशी तोंडी परीक्षा घेतली. नोकरी कुठली, पाणी किती लागतं, घरात कोण कोण, सगळं विचारलं.

"माणसं चारच हाईत की," तो म्हणाला. खरंच बोलला. म्हशीचं मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या अंगणात, माझ्याच तुळशीशेजारी रवंथ करत उभी होती. मी तणतणत गेलो. त्यानं तिथंच तांब्यात धार काढली आणि फेसाळ, कोमट दूध माझ्या हातात दिलं.

"आदी प्या मास्तर, मग बोला."

प्यालो. मिशीला फेस लागला की माणसाला भांडता येत नाही. 'खोली सोडा' हे वाक्य मी पुढं रोज सकाळी पाठ करून जायचो आणि तांब्या रिकामा करून परत यायचो. बायको शेणाच्या वासावरून बोलली, तर मी म्हशीची बाजू घ्यायचो.

काही वर्षांनी त्यानं कळंब्याला घर बांधलं आणि म्हशीसकट निघून गेला. नव्या घरमालकांना मी आजही सांगतो, सगळं आधी विचारून घ्या. पुढच्या भाडेकरूला मी पहिलाच प्रश्न टाकला, "म्हैस आहे का?"

"छे छे, अजिबात नाही."

त्याला मी खोली दिली नाही.