पाण्यावरचा लांबचा रस्ता

पाण्यावरसुद्धा रस्ता सोडून न जाणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच, तो म्हणजे माझे मामेसासरे. नांदगाव खंडेश्वराकडचं त्यांचं गाव धरणात गेलं. महादेवाची पिंड नव्या गावठाणात आली, देऊळ मात्र पाण्यातच राहिलं. मामांना हे पटेना. "देव आनला, पन जागा कशी आनान?" हा त्यांचा सवाल. म्हणून दर शिवरात्रीला ते डोंगा करून जुन्या देवळाला जात आणि जावई असण्याच्या गुन्ह्यापायी मलाही अमरावतीहून बोलावून घेत.

पाणी उतरून शिखराचा शेंडा समोर दिसत असे. पण मामा डोंगा नेणार तो बुडालेल्या गल्ल्यांमधूनच. नावाड्याने जरा सरळ वल्हं मारलं की ओरडत, "काहून रे, पाटलाच्या चुलीवरून नेतं काय? पारापासून उजव्या हाताले घे!" एकदा मी पाण्यात चूळ टाकली, तर म्हणाले, "जवाईबुवा, थे विहीर होय." पुढची चूळ मी निमूट गिळली.

खरं तर जुन्या गावात शेजारच्या नथ्थूजींच्या अंगणातून देऊळ हाकेच्या अंतरावर. दोघं लहानपणचे दोस्त. पण मोरीच्या सांडपाण्यावरून बिनसलं आणि नथ्थूजींनी अंगणातली वाट बंद केली. पुढे दोघांच्याही अंगणात अख्खं धरण आलं, तरी अबोला कायम. मामा गावाला वळसा घालत. देवळाशी नारळ फोडला की खोबऱ्याचा एक तुकडा धोतराच्या सोग्यात बांधत. तो नव्या गावात नथ्थूजींच्या दारापर्यंत जाई आणि तसाच परत येई. मला त्या तुकड्याची फार कीव यायची.

एका वर्षी नथ्थूजी कायमचे मुलाकडे अकोल्याला निघाले होते. त्या शिवरात्रीला ते काठावर आले आणि नावाड्याला म्हणाले, "याईले सांग, माह्या आंगनातून जा म्हना."

मामाही नावाड्यालाच म्हणाले, "त्याईले सांग, मंग बसा म्हना."

डोंगा सरळ निघाला. अंगण आलं तशा मामांनी वहाणा काढल्या. बघता बघता देऊळ आलं. नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा या खेपेला सोग्यात गेला नाही. मामांनी तो समोर धरला आणि नथ्थूजींनी घेतला.

"लय जवळ होतं," नथ्थूजी म्हणाले.

परतताना नावाड्याने डोंगा पुन्हा अंगणाकडे वळवला, तसे मामा त्याच्यावर खेकसले, "घाई हाय का तुले? पाटलाच्या बाजूनं घे."

नथ्थूजींनी जरा सरकून मामांना शेजारी जागा करून दिली.