सगळे आल्याशिवाय पाणी नाही

आबा आमच्यात सगळ्यांत जोरात पळायचा आणि रोज सगळ्यांच्या मागून यायचा. पोलीस भरतीची तयारी करणारी आम्ही सात-आठ पोरं, धुळ्याजवळच्या सोनगीर किल्ल्याच्या अलीकडच्या एका गावातली. गावाबाहेरच्या निंबापासून निघायचं, किल्ल्याच्या पायथ्याचा चुना लावलेला दगड हाताने शिवायचा आणि परत निंबाखाली यायचं. जाऊन-येऊन आठ किलोमीटर. आबाने मनात आणलं असतं तर आम्ही अर्ध्या वाटेत असताना तो परत येऊन बसला असता. पण जो सगळ्यांत मागे रखडतोय त्याच्या दोन पावलं मागे आबा, हे ठरलेलं होतं.

आबा म्हणजे कोणी म्हातारा नव्हे. आम्ही विशीतले, तो तिशी ओलांडलेला, एवढ्यावरून आमच्यातल्या गोकुळने त्याला आबा केलं आणि ते नाव त्याला चिकटलं. दिवसभर तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायचा आणि पहाटे आम्हाला उठवत दारोदार फिरायचा. हाक मारायचा नाही, खिडकीच्या गजावर चप्पल वाजवायचा. माझ्या आईने त्यावरून त्याला बऱ्याचदा झापलं. तो मान खाली घालून "हो काकू" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चप्पल वाजायची.

पळताना बोललेलं त्याला खपायचं नाही. गोकुळला गावातली प्रत्येक भानगड पहिल्याच किलोमीटरला आठवायची. मागून आबाचा आवाज यायचा, "तोंड बंद ठेव, गप्पा माठजोडे मार." गप्पा मारायच्या त्या परत आल्यावर, माठाजवळ. हा माठ निंबाखाली असायचा. आबाची आई, आम्ही तिला अक्का म्हणायचो, तो रोज भरून ठेवायची, गोणपाटात गुंडाळायची आणि वरून पाणी मारायची. या माठाला आबाने एक नियम घातला होता. शेवटचा माणूस आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आबा येऊन थांबायचा, सगळ्यांवरून नजर फिरवायचा आणि विचारायचा, "बठ्ठा उनात का?", म्हणजे सगळे आले का. आम्ही "उनात" म्हटलं की तांब्या फिरायचा. तो स्वतः सर्वांत शेवटी प्यायचा.

या नियमाचं कारण त्याने एकदाच सांगितलं. पूर्वीच्या एका टोळीतलं एक पोरगं पाय मुरगळून वाटेत पडलं होतं. बाकीचे परत आले, पाणी प्याले, घरी गेले. ते पोरगं उन्हं चढेपर्यंत बांधावर बसून होतं. कोण होतं ते, हे आम्ही विचारलं नाही. आबाचा डावा घोटा दर पावसाळ्यात सुजायचा, ते आम्हाला दिसत होतंच.

हिवाळ्यातला आबा आठवला की अजून बरं वाटतं. थंडीने नाकाचा शेंडा बधिर व्हायचा, हरभऱ्याच्या शेतांवर दंव असायचं. आबा वडिलांची माकडटोपी घालून यायचा आणि पहिल्या किलोमीटरनंतर ती कमरेला खोचायचा. परत आल्यावर अंगातून वाफा निघायच्या. रविवारी कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायची. तिथेही हा शेवटचाच, आणि भरीत नेमकं तेव्हाच संपलेलं. मग चटणीला तेल लावून तो पोटभर जेवायचा.

भरतीत मात्र त्याचं काही जमेना. तीनदा मैदानात उतरला, तीनदा थोडक्यात राहिला. एकदा तर सोळाशे मीटरच्या शेवटच्या वळणावर मागून कोणी पडल्याचा आवाज आला आणि याने वळून पाहिलं. ते दोन क्षण नडले. हे तो स्वतःच हसत सांगायचा. पण वयाच्या अटीत बसणारी एकच भरती आता उरली होती, आणि त्याबद्दल बोलताना तो हसत नसे.

मागच्या वेळी त्याचा नंबर भर दुपारी लागला होता. म्हणून त्या वर्षी एप्रिल लागल्यावर त्याने दर रविवारी दुपारी बाराला पळायचं ठरवलं. धुळ्याकडचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला हा वेडेपणा कळेल. डांबर पायाला चिकटायचं, वारा भट्टीतून आल्यासारखा लागायचा. गोकुळ म्हणाला, "आबा, जीव जाईल." आबा म्हणाला, "ऊन काय आपले इचारीसन पडस?" आम्ही पळायला लागलो.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्हीच त्याला म्हटलं, आज तू तुझी वेळ लाव, एकदा तरी पुढे पळ. तो तयार होईना. मागे कोण राहणार, हाच त्याचा प्रश्न. तेव्हा मी म्हणालो, "मी राहतो मागे. मी बघतो सगळ्यांना." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, घड्याळ लावलं आणि निघाला. त्या दिवशी मी आबाला पहिल्यांदा पूर्ण जोराने पळताना पाहिलं. बघता बघता तो दिसेनासा झाला.

आता जे लिहितो ते मी कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. दगड शिवून बाकीचे परत फिरले. मी त्यांच्या मागे होतो. डोकं तापलं होतं, पाय उचलत नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. तेवढ्यात माझा मावसभाऊ मोटारसायकलवर दिसला. तो शेतातल्या वाटेने गावात चालला होता. मी मागे बसलो. घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यालो आणि कूलरसमोर आडवा झालो. सगळ्यांचे फोन नेहमीप्रमाणे माठाजवळच्या पिशवीत होते, माझाही. निरोप द्यायला मी कोणालाही निंबापर्यंत पाठवू शकलो असतो. थोड्या वेळाने जातो म्हणत मला झोप लागली.

पुढचं गोकुळकडून कळलं. आबा सगळ्यांत आधी आला होता आणि वेळही त्याला हवी तशी लागली होती. पोरं एकेक करून आली. त्याने विचारलं, "बठ्ठा उनात का?" मी आलो नव्हतो. गोकुळ म्हणाला, मी गावातून गाडी आणतो, तू आधी पाणी पी. आबा म्हणाला, "संज्याले येऊ दे." संज्या म्हणजे मी. झाकण न उघडता तो मला शोधायला परत पळत गेला.

गोकुळ गाडी घेऊन पोहोचला तेव्हा आबा रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीजवळ पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा एक थेंब नाही, आणि तोंडाने काहीतरी असंबद्ध चाललेलं. त्याला गाडीतून गावात आणलं तेव्हाची आरडाओरड ऐकून मला जाग आली. मी सांगितलं, चक्कर आली होती, मावसभावाने घरी सोडलं. सगळ्यांनी विश्वास ठेवला. उलट मलाच लिंबूपाणी दिलं, आणि मी ते प्यालो.

धुळ्याच्या दवाखान्यात तो दोन दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले. जवळ मीच होतो. ओठ हलले. "बठ्ठा उनात का?" मी म्हटलं, "उनात, आबा." त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं असावं. दुपारी तो गेला.

त्या हिवाळ्यात भरती निघाली. मी लागलो, गोकुळ राहिला. गेली काही वर्षं जळगावला नोकरीत आहे. लोक म्हणतात नशीब काढलंस. अंगात वर्दी चढवताना मला रोज लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

या मे महिन्यात गावी गेलो. निंबाखाली माठ होता. आता दुसरी पोरं पळतात, अक्का त्यांच्यासाठी तो भरते. ती गोणपाटावर पाणी मारत होती. मी तिच्याजवळ उभा राहून सगळं सांगितलं. मागे राहायचं मी कबूल केलं होतं, ते. चक्कर आली नव्हती, ते. मोटारसायकल, कूलर, झोप, सगळं.

अक्काचा हात थांबला. मग तिने एवढंच विचारलं, "कूलर चालू व्हता का?"

"होता, अक्का."

तिने मान हलवली. झाकण काढलं, तांब्या बुडवून भरला आणि माझ्यापुढे धरला. मी हात पुढे करेना.

"पी ले," ती म्हणाली. "आते कोनी येवानं बाकी नही."

मी तांब्या तोंडाला लावला. पाणी गार होतं.