हळदीच्या ड्रममध्ये कालवलेलं कोंबडीखाद्य

दिवाळीनंतरचा पहिला बुधवार, सकाळचा चहा झाल्यावर. हजर: मी, माझी धाकटी जाऊ, तिचा नवरा म्हणजे माझा दीर, आणि वारंगा फाट्यावरचा कोंबडीखाद्याचा दुकानदार. गैरहजर: जनावरांचे डॉक्टर. त्यांना बोलवावं, असं या दोघा पुरुषांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. जागा: जावेचं ब्रॉयलरचं शेड.

शेड जावेचं आहे हे मुद्दाम लिहिते, कारण माझा दीर ते वारंवार विसरतो. पाया भरण्यापासून पाण्याची भांडी घासण्यापर्यंत सगळं तिनं केलं. पत्रे चढले आणि शेड दिसायला लागलं, तेव्हा त्याला आठवलं की आपल्याला हळद ठेवायला जागा नाही. या दिवाळीआधी त्यानं चारचौघांत सांगून टाकलं होतं, की ही खेप बिघडली तर कोंबड्या बंद आणि शेडमध्ये हळद. पिल्लं आली त्या दिवसापासून जाऊ शेडच्या दारातच झोपायला लागली.

आणि खेप बिघडली. पिल्लं चांगली वाढली, मग एकेक बसायला लागली. गुडघ्यासारखा जो सांधा असतो तो सुजायचा, पाय बाहेरच्या बाजूला वळायचा आणि कोंबडी खाद्याकडे छातीवर सरपटत राहायची. शेजारी भरलेलं भांडं असताना उपाशी मरायची.

आता खाद्याबद्दल. पूर्वी जाऊ तयार खाद्याची पोती आणायची. यंदा दिरानं मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि खाद्य घरीच करायचं ठरवलं. आपली मका, सोयाबीनची पेंड, आणि दुकानदाराकडून खनिजांची पुडी. जस्त, मँगनीज, तांबं, असलं बरंच काही त्या राखाडी भुकटीत असतं. पोत्याला मूठभर पुरते, पण तेवढी नसली तर पायाची हाडं आणि नसा बळ धरत नाहीत. पुडीवर हे मराठीत छापलेलं होतं. वाचलं मात्र कोणी नव्हतं. दिरानं तिच्यावरचं कोंबड्याचं चित्र बघितलं होतं.

पाय वळायला लागले तसा दुकानदार मोटरसायकलवर आला, उकिडवा बसला, एक कोंबडी उलटी धरली आणि खनिज कमी पडतंय म्हणाला. त्याचं हे म्हणणं बरोबर होतं, पण उपाय त्याच्या दुकानाच्या सोयीचा होता. दुप्पट टाका. दिरानं दुप्पट टाकलं. पाय वळायचे थांबले नाहीत. तेव्हा दुकानदारानं लिव्हरच्या औषधाची बाटली दिली, आणि पायाच्या दुखण्याला लिव्हरचं औषध काहून, हे माझ्या दिरानं त्याला विचारलं नाही. तो असल्या माणसांना प्रश्न विचारत नाही. त्याचे सगळे प्रश्न बायकोसाठी राखून ठेवलेले असतात.

त्याच दिवसांत आमची म्हैस मात्र अशी चमकायला लागली, की कनेरगाव नाक्याचा एक व्यापारी ती बघून गेला. म्हशीला काय घालता, असं त्यानं विचारलं, तेव्हा दीर नुसता हसला.

म्हणून त्या बुधवारी मी दीर आणि दुकानदार दोघांनाही उभं केलं आणि खाद्य माझ्यासमोर कालवून दाखवा म्हणाले. दिराला ते कमीपणाचं वाटलं, पण दुकानदारापुढे नाही म्हणता येईना.

त्यानं शेडच्या दाराच्या आतच ठेवलेल्या हळदीच्या ड्रममध्ये मक्याचा भरडा आणि पेंड ओतली. हळद पॉलिश करायचा आमचा जुना ड्रम. उन्हाळ्यात उकडून वाळवलेली हळद त्यात फिरते, साल घासली जाते आणि भुकटी जाळीतून खाली पडते. खाली पडावी म्हणूनच त्याला चहूबाजूंनी जाळी असते. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. दिरानं वरून खनिजाची पुडी रिकामी केली, झाकण लावलं आणि मोटार चालू केली.

पहिल्याच फेऱ्यांत राखाडी भुकटी खालच्या ताडपत्रीवर उतरली. तिच्या मागोमाग मक्याचं पीठ. ड्रममध्ये राहिला तो जाडा भरडा, स्वच्छ आणि चकचकीत.

"बारीक पीठ कोंबडीच्या चोचीला चिकटतं वैनी," दीर म्हणाला. "यात खाद्य पॉलिश होऊन निघतं."

दुकानदार मोटरसायकलच्या आरशात बघत होता.

"आन् खाली पडतं त्याचं काय करता भाऊजी?"

"वाया न्हाई घालवत. म्हशीच्या पेंडीत टाकतो."

जाऊ खाली वाकली, ताडपत्रीवरची मूठभर भुकटी उचलली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"माझ्या कोंबड्यांचे पाय म्हशीनं खाल्ले," ती म्हणाली. "आता शेड मागू नका."

दुकानदाराला अचानक आमच्याकडच्या गोरेगावला जायचं आठवलं. बाटली त्यानं परत नेली नाही.

ज्यांची सांध्यावरची नस घसरून पाय वळले होते त्या कोंबड्या काही उठल्या नाहीत. बाकीच्यांना जावेनं त्याच दिवशी खाद्य फरशीवर कालवलं. आधी घमेलंभर मक्याच्या पिठात खनिज नीट मिसळून घ्यायचं, मग ते पीठ ढिगात टाकून फावड्यानं उलथंपालथं करायचं. सोपं काम आहे, पण त्याला मोटार लागत नाही, त्यामुळे ते दिराच्या डोळ्यात भरलं नव्हतं. नवीन पाय वळायचे थांबले. त्या बऱ्या राहिलेल्या कोंबड्या विकल्या गेल्यावर जावेनं आणखी एका खेपेची पिल्लं सांगून ठेवली, नवऱ्याला न विचारता.

तो आता पारावर सांगत असतो, की हवेतून रोग आला होता आणि आपण वेळीच ओळखला. ऐकणारे माना डोलावतात. मी एकदा तिथून जात होते, तेव्हा त्यानं आवाज थोडा खाली केला. एवढी लाज त्याला आहे, नाही म्हणत नाही. शेडचा विषय मात्र त्यानं तोंडानं सोडलाय. मनातून सोडला असता तर ड्रम तिथून हलला असता.

पिल्लं रविवारी येणार. भुसा पसरून झालाय, भांडी उन्हात वाळून झालीत, पडदे बांधून झालेत. पिल्लांना ऊब द्यायचे बल्ब जिथे टांगायचे, बरोबर तिथे ड्रम उभा आहे. तो हलवायला चार माणसं लागतात. सोमवारी दीर म्हणाला उद्या. काल म्हणाला माणसं सोयाबीनच्या मळणीला गेलीत. आज सकाळी जाऊ ड्रमला दोर बांधून एकटी ओढत होती, मी जाऊन दुसरं टोक धरलं. ड्रम वीतभर सरकला आणि दाराच्या चौकटीत अडकला.

अजून दोन माणसं बघायची आहेत.