तीन महिन्यांसाठी एक माणूस

"दीदी, एक बार और. फोटो में आपका फेस नहीं आया."

दिल्ली छावणीतल्या एका सभागृहाचा मंच. मंचावर लोखंडी खाट, खाटेवर माझा नवरा, शेजारी त्याची चाकांची खुर्ची. समोर दोनशे बायका, नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे बसवलेल्या. पुढे सोफे, मग गादीच्या खुर्च्या, शेवटी प्लास्टिकच्या. माझी जागा प्लास्टिकमध्ये. त्या दिवशी वर बोलावलं होतं, कारण सत्कार आमचा होता. जखमी जवानांची घरी सेवा करणाऱ्या बायकांचा.

बोलणाऱ्या बाई कल्याण समितीच्या अध्यक्षा. त्यांचे पती मोठे अधिकारी, म्हणून त्या अध्यक्षा. कुणी निवडून दिलेल्या नाहीत.

माझा नवरा हवालदार होता. डोंगरात लष्कराची गाडी उलटली, पाठीचा कणा मोडला. कमरेखाली संवेदना नाही. याला सहा वर्षं झाली. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसातून आठ वेळा खाट ते खुर्ची, खुर्ची ते खाट. मी पहाडगंजला शाळेत शिकवत होते. ते सोडलं. लष्कराच्या कार्डावर माझी नोंद आहे: आश्रित.

यंदा माझ्या मणक्यातली चकती सरकली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. पुढे तीन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मी समितीकडे अर्ज केला. तीन महिन्यांसाठी एक माणूस द्या, किंवा नवऱ्याला लष्कराच्या पुनर्वसन केंद्रात ठेवून घ्या. अध्यक्षाबाईंनी मला उभंच ठेवलं. "फॉर्म पेशंट का है, वाइफ का कोई कॉलम नहीं. आदमी कहाँ से लाएँ?" मग अर्जावरचं आडनाव पुन्हा वाचलं. "और आप लोग तो मेहनती होते हैं."

'आप लोग' म्हणजे कोण, हे मला शाळेपासून कळतं.

नंतर सत्काराचं निमंत्रण आलं. मी गेले. वाटलं, वर दिसलो तर अर्ज हलेल. ही माझी चूक. मंचावर सांगितलं, त्याला खाटेवरून खुर्चीत उचलून दाखवा.

उचलण्याची एक रीत असते. खुर्ची खाटेला तिरकी लावायची. ब्रेक ओढायचा. त्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत धरायचे आणि कमरेचा पट्टा पकडून वळवायचं. फोटोग्राफरने खुर्ची प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवली. मी म्हटलं, "ऐसे नहीं होता." अध्यक्षाबाई हसल्या. "आपको तो आदत है."

मी उचललं. अर्ध्यातच कमरेतून निघालेली कळ टाचेपर्यंत गेली. लघवीची पिशवी खुर्चीच्या दांड्यात अडकली आणि लोंबकळली. सोफ्यावरून आवाज आला, "बैग पल्लू से ढक दीजिए ना." मी पदराने झाकली. टाळ्या. माइकवर, "इसे कहते हैं आदर्श पत्नी." मी त्याला परत खाटेवर ठेवलं. आणि मग ते वाक्य आलं. एक बार और.

मंचावर पाहुण्यांचा सोफा होता. मी त्यावर जाऊन बसले.

"अब आप में से कोई दो उठाइए," मी म्हटलं.

अध्यक्षाबाई माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "हवलदार साहब, समझाइए इन्हें."

अंथरुणात असला तरी मॅडम समोर आल्या की त्याच्या तोंडून 'जी मैडम' आपोआप निघतं. मी ते सहा वर्षं ऐकलं होतं. या वेळी तो छताकडे बघत म्हणाला,

"मैडम, मैं तो लेटा हूँ. मुझे कोई जल्दी नहीं."

मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांत कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी.

अध्यक्षाबाईंनी फोन लावला. दहा मिनिटांत चार जवान आले. धावत आले. एकाने काखेत हात घातला. "पहले ब्रेक," मी बसूनच सांगितलं. "घुटना लगाओ. पट्टा पकड़ो, हाथ नहीं." "दीदी, ऐसे?" "हाँ, ऐसे." नवरा खुर्चीत बसला. कुठे खरचटलंही नाही.

म्हणजे माणसं होती. शिकणारी होती. माझ्यासाठी नव्हती. त्यांचा मंच अडला तेव्हा आली.

उतरताना अध्यक्षाबाई म्हणाल्या, "आपने पति की बेइज़्ज़ती करवा दी." त्याला अनोळखी लोकांसमोर दोनदा उचलून दाखवायला कुणी सांगितलं होतं, हे त्यांना आठवत नव्हतं.

घरी येऊन मी नवा कागद लिहिला. अर्ज नव्हे. कळवणं. ऑपरेशनची तारीख घेतली आहे. त्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या दारात माणूस नसेल, तर रुग्णवाहिका आधी समितीच्या कार्यालयात येईल. नवरा तिथे उतरेल. खाली त्याने स्वतः सही केली आहे. लिहून झाल्यावर मी त्याला विचारलं, "नक्की ना?" तो म्हणाला, "अगं, तिथे ए.सी. आहे. तू जा निवांत."

कागद पोचल्याचा शिक्का घेतला आहे. उत्तर आलेलं नाही. मी वाटही बघत नाही. तीन महिने मी त्याला उचलणार नाही. त्यानंतरही एकटी उचलणार नाही.