मामांच्या छातीवरची पदकं

आता काय सांगू तुम्हाला! धडधाकट सासऱ्याला भर मांडवात श्रद्धांजली मिळवून देणारा जावई कधी पाहिलाय? नसेल, तर चहा घेता घेता माझ्याकडे नीट बघून घ्या.

लोणी देवकरच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा! त्यामुळे आपल्या हातून चूक होईल, ही शंकाच मला कधी शिवत नाही.

माझे सासरे, सोपानमामा, जळोचीला राहतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बारामतीत माजी सैनिकांचा मेळावा होता आणि प्रमुख पाहुणे होते मामांचेच जुने कर्नलसाहेब! मामांचा जीव आठवडाभर टांगणीला.

"पाव्हणं, सायब वळखतील का वो मला? का इसरलं असतील?"

मामांच्या मानेला पट्टा, हात थरथरणारे. म्हणून मांडवाबाहेर पदकांची पट्टी लावायचं काम माझ्याकडे आलं.

"डाव्या अंगाला लावा, बरं का. काळजावर."

"मामा, हे मला सांगताय?" मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या डाव्या हाताला जी बाजू आली, तिथं ऐटीत पट्टी टाचली. पट्ट्यामुळे मामांना खाली बघता येईना. कोटावर वजन आलं, एवढ्यावर ते खूश.

मी दोन पावलं पुढे गेलो. दारातल्या स्वयंसेवकानं मागून काठी टेकत येणाऱ्या मामांच्या छातीकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"कुणाची पदकं वो ही?" त्यानं हळूच विचारलं.

"हवालदार सोपान कांबळे यांची!" मी छाती फुगवून.

त्यानं चक्क हात जोडले, हातातल्या यादीत मामांचं नाव लिहून घेतलं आणि त्यांना धरून थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. केवढा आदर! मी तर हरखूनच गेलो.

त्या रांगेत बहुतेक बायकाच होत्या. सगळ्यांची पदकं अगदी मामांसारखीच, त्याच बाजूला. बघा, म्हटलं, आपलं काम कसं बिनचूक असतं!

"पाव्हणं, हितं बायाच लई दिसत्यात. आमची माणसं तर मागं बसल्यात," मामा समोर बघतच कुजबुजले.

"व्हीआयपी रांग आहे, मामा. गप बसा!"

तेवढ्यात कर्नलसाहेब माइकसमोर आले. आवाज जड झालेला.

"आपल्यातून निघून गेलेल्या जवानांची नावं वाचतो. सर्वांनी स्तब्ध उभं राहावं."

सगळा मांडव उभा राहिला. एकेक नाव येत होतं. शेजारची म्हातारी पदराला डोळे पुसत होती. आणि मग...

"दिवंगत हवालदार सोपान कांबळे."

आता काय करू? ओरडू? पळू? ज्या साहेबांनी ओळखावं म्हणून मामा आठवडाभर झुरले, ते समोर उभं राहून त्यांचाच शोक करत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाडकन काठी पडली. मामांनी टाच आपटली, सॅल्यूट ठोकला.

"हवालदार सोपान कांबळे हाजीर हाय, सायब!"

मागे कुणीतरी किंचाळलं. साहेब कागद टाकून स्टेजवरून खाली धावले.

"सोपान? अरे, हा आवाज कसा विसरेन मी!" त्यांनी मामांना मिठीच मारली. मग मामांच्या छातीकडे बघून थबकले. "पण पदकं उजवीकडे का? जिवंत माणूस ती डाव्या बाजूला लावतो. तो गेला, की त्याच्या घरचे उजवीकडे लावतात!"

मी हळूच खुर्च्यांमागे सरकलो, पण मामांचं बोट बरोबर माझ्यावर रोखलं गेलं.

साहेबांनी स्वतःच्या हातानं पट्टी काढून डावीकडे लावली. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "हे कोण?"

मामांनी डोळे पुसले, ताठ उभे राहिले आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"आमचं जावई, सायब. बॉर्डरवर दुश्मनाला जे गोळ्या घालून जमलं न्हाय, ते ह्यांनी एका पिनंत करून दावलं!"