रबरी पुतळ्याच्या नाकाशी कांदा
बुक्कीनं कांदा फोडला की त्या उग्र वासासरशी मला लेकीच्या शाळेतली पालकसभा आठवते. भिंतीवर नवी पेटी लावली होती. खेळताना मुलाचं हृदय अचानक बंद पडलं तर ती शॉक देणार म्हणे. मला संशय आला, शाळावाले आमच्या पोरांचं काहीतरी दुखणं लपवतायत. "माझ्या पोरीला शॉकबिक द्यायचा न्हाय," मी बजावलं. "मग ती पडली तर?" वर्गाच्या बाईंनी विचारलं. "कांदा फोडून नाकाला लावायचा, दुसरं काय!" बाईंनी माझ्या शेजारणीच्या पिशवीतला, बोर्लीच्या बाजारातला कांदा फोडला आणि सरावासाठी आणलेल्या रबरी पुतळ्याच्या नाकाशी धरला. आधी आम्ही हसलो. मग पुतळ्याच्या जागी आपापलं पोर दिसायला लागलं आणि कुणालाच हसू येईना, तरी बाईंनी हात काढला नाही. पेटीबद्दलचा संशय अजून आहे. कांद्यावरचा विश्वास मात्र तिथंच उडाला.